छप्पर कुणाचे, बिल कुणाचे?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी एक भेद शिकवला जातो. भांडवली खर्च कोणता आणि महसुली खर्च कोणता? यंत्र विकत घेतले तर तो भांडवली खर्च. त्या यंत्राला तेल घातले, त्याचे विजेचे बिल भरले, तर तो महसुली. परीक्षेत हा भेद ओळखणारे आपण पुष्कळ जण आहोत, परंतु घराच्या उंबरठ्यावर तो चपलांबरोबर बाहेरच राहतो. घर बांधताना वाचवलेले दहा-वीस हजार आपल्याला दिसतात. त्या बचतीपायी पुढची तीस-चाळीस वर्षे, दर उन्हाळ्यात, थोडे थोडे करून जाणारे पैसे दिसत नाहीत. डोक्यावरचा उघडा स्लॅब, दाराखालची बोटभर फट आणि खिडकीच्या चौकटीतून येणारी झुळूक यांच्या नावाने कोणत्याही घरात खाते उघडलेले नसते. या लेखात ते खाते उघडून पाहण्याचा विचार आहे.

विज्ञान शाखेच्या मित्रांना वाटेल की हा विषय आमचा. उष्णतेचे वहन, अभिसरण, प्रारण हे सारे त्यांच्या पुस्तकात आहे हे कबूल. पण त्यातला भौतिकशास्त्राचा प्रश्न केव्हाच सुटलेला आहे. उष्णता कशी अडवावी हे जगाला ठाऊक आहे. ती अडवण्याचा खर्च कुणी करावा आणि त्याचा लाभ कुणाला मिळावा, हा प्रश्न मात्र अडून बसला आहे. आणि तो हिशेबाचा असल्यामुळे एखाद्या वाणिज्यवाल्याने त्यात तोंड घातले तर राग नसावा.

आपल्या गावात उष्णतेची किंमत जाणणारे लोक नाहीत असे नाही. उद्यमबागेत चला. तेथील फौंड्रीत चौदाशे अंशांच्या आसपास तापलेले लोखंड साच्यात ओतले जाते. भट्टीला आतून अस्तर असते, रस वाहून नेणाऱ्या लॅडललाही असते. ते झिजले की काम थांबवून नवे भरतात. अस्तराचे पहिले काम भट्टीचे कवच वाचवण्याचे हे खरे, पण भट्टीच्या अंगातून बाहेर जाणारी उष्णता म्हणजे बाहेर जाणारा पैसा, हे तेथल्या मालकाला कुणी व्याख्यान देऊन सांगावे लागत नाही. बिल त्याच्याच टेबलावर येते. गोव्याहून किंवा कारवारहून येणारी मासळी पाहा. बर्फ घातलेली थर्माकोलची पेटी, झाकणाच्या कडेला चिकटपट्टी. आत आच्छादन, कडेला हवाबंदी, ज्याला इंग्रजी ग्रंथांत मोठमोठी नावे आहेत ते सगळे शास्त्र त्या एका पेटीत आले! गच्चीवरच्या सोलर हीटरच्या टाकीत रात्रीचे पाणी सकाळी ऊन राहते ते टाकीच्या दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेला असतो म्हणून. लोखंडाला अस्तर, बांगड्यांना पेटी, आंघोळीच्या पाण्याला फोम. ज्या खोलीत माणूस झोपतो तिच्या वर मात्र नुसते काँक्रीट.

हे नुसते काँक्रीट काय करते त्याचा एक हिशेब मी मांडून पाहिला आहे. दहा बाय दहा फुटांची खोली घ्या. वर सहा इंची स्लॅब, त्यावर काही नाही. एप्रिलच्या दुपारी उघड्या स्लॅबचा वरचा पृष्ठभाग ५५ अंशांवर गेला आणि खोलीत ३० अंश असावेत अशी आपली इच्छा असली, तर वहनाच्या साध्या सूत्राने त्या एका छतातून सुमारे साडेआठशे ते नऊशे वॅट उष्णता आत येते. म्हणजे ऐन उन्हाळ्यात डोक्यावर एक हीटर पेटवून टांगल्यासारखे झाले. एक टनाचा एसी साधारण साडेतीन हजार वॅट उष्णता बाहेर काढतो. त्याची पाव शक्ती केवळ छताशी झुंजण्यात जाते. त्याच स्लॅबवर दोन इंच जाडीचा थर्माकोलसारखा थर घातला आणि त्याला पावसापासून वर संरक्षण दिले, तर तोच आकडा दीडशेच्या खाली उतरतो. काँक्रीट जितकी उष्णता वाहून नेते त्याच्या चाळीस-पंचेचाळिसाव्या भागाइतकीच हा थर नेतो. काम थर्माकोल करतो असेही नाही. त्याच्या बारीक बारीक कप्प्यांत कोंडलेली, न हलणारी हवा ते काम करते.

प्रत्यक्षात सगळे इतके सुतासारखे सरळ नसते. स्लॅब जड असतो. तो दुपारचे ऊन पोटात घेतो आणि सावकाश खाली सोडतो. म्हणून भर दुपारी वरची खोली जेवढी तापते त्याहून जास्त ती संध्याकाळनंतर तापलेली वाटते. बाहेर वारा सुटलेला असतो, रस्त्यावर माणसे शाल घेऊन फिरत नसली तरी सुखात असतात, आणि आत रात्री अकरा वाजता छत अंगावर धग टाकत असते. मराठीत 'धग', कन्नडमध्ये 'धगे'. सीमेवर एवढ्या एका शब्दाबद्दल तरी वाद नाही.

बेळगावला एकेकाळी गरिबांचे महाबळेश्वर म्हणत. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंच, झाडी पुष्कळ, पाऊस भरपूर. ही ख्याती ज्या घरांत राहून लोकांनी मिळवली ती घरे आठवावीत. हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, वर मंगलोरी कौले (यांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात काढला), आणि कौलांच्या खाली लाकडी माळा. कौल स्वतः फारसे ऊन अडवत नाही. उन्हात ते चांगलेच तापते. अडवत होता तो माळा. कौले आणि माळ्याच्या फळ्या यांच्यामध्ये हवेचा मोठा थर, त्यात भाताचे पोते, गोवऱ्या, लाकडे, जुनी भांडी. तापलेली हवा कौलांच्या फटींतून वर निघून जाई आणि खाली माणूस गारव्यात जेवून वामकुक्षी करी. विजापूरकडच्या माळवदाचे तत्त्वही जवळचेच, तेथे मातीचा जाड थर तेच काम करी.

आता कुणी लगेच जुन्या घरांचे गोडवे गाऊ नयेत. दर वर्षी मेमध्ये कौले फेरायची, वाळवी लागलेला वासा बदलायचा, जूनमध्ये घरभर तपेली मांडून ठिबकणारे पाणी झेलायचे, आणि स्वयंपाकघरात धुराने डोळे चोळत बसायचे हे सगळे त्याच घरात होते. ज्यांनी ते सोसले त्यांनी पैसा आल्यावर स्लॅब घातला यात नवल नाही. स्लॅब गळत नाही, त्यावर मजला चढवता येतो, पापड-सांडगे वाळत घालता येतात, आणि बँक त्यावर कर्ज देते. तक्रार स्लॅबबद्दल नाही. माळा गेला तेव्हा माळ्याचे काम कोण करणार, हे कुणी विचारले नाही, एवढेच.

तेवढ्यापुरते उत्तर मिळाले ते यंत्राचे. आधी पंखा, मग कूलर, मग एसी. तापलेल्या छताखाली पंखा वरचीच गरम हवा खाली आणतो, कूलर पावसाळी दमट दिवसांत निरुपयोगी ठरतो, आणि एसी मात्र खरोखर गार करतो. पण त्याच्या बरोबर प्रश्न येतो फटींचा. उघड्या घराला फटीचे भय नाही. खिडक्या उघड्या टाकून वाऱ्यावर राहणाऱ्या घरात फट बुजवणे म्हणजे उलट काम. एसीच्या खोलीत मात्र प्रत्येक फट ही फुटकी घागर आहे. गोव्यातील आपल्या मित्रांना हे आमच्यापेक्षा जास्त लागू पडते, कारण तेथे बाहेरून येणारी हवा नुसती गरम नसते, ओलीही असते. हवेतील एक लिटर पाणी एसीने द्रवरूप करून नळीतून बाहेर टाकायचे, तर त्यासाठीच पाव युनिटच्या जवळपास वीज जाते. एसीच्या नळीखाली ठेवलेली बादली दिवसात किती वेळा भरते ते मोजले, की दाराखालच्या फटीची किंमत कळते.

फट शोधायला इंजिनियर नको. देवघरातील उदबत्ती पेटवून खिडकीच्या चौकटीजवळून, दाराच्या कडेने, स्विचबोर्डाजवळून, एसीची नळी भिंतीतून जाते त्या भोकाजवळून फिरवावी; धूर जेथे आडवा होतो तेथे हवा जाते-येते. फ्रिजच्या दारात कागद धरून दार लावले आणि कागद सहज ओढता आला तर रबर गेले, हे सगळ्यांना माहीत आहे. तीच परीक्षा खोलीच्या दाराला लावावी. उपाय म्हणाल तर दाराखाली रबरी पट्टी, चौकटीला फोमची पट्टी, भोकाला सिलिकॉन किंवा साधी लांबी. हार्डवेअरच्या दुकानात हे सगळे मिळते आणि एका रविवारी होते. फक्त एक सावधगिरी, आणि ती मोठी आहे. जेथे गॅसचा गीझर किंवा शेगडी जळते तेथील हवेची वाट कधीही बुजवू नये. बंद न्हाणीघरात गॅस गीझर लावून कार्बन मोनॉक्साइडने माणसे गेल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. हवाबंदी झोपण्याच्या खोलीत, आणि तीही सकाळी खिडक्या उघडण्याच्या अटीवर.

थंड देशांत हा विषय घराघरांत पोचला तो १९७३ च्या तेलसंकटानंतर. तेथे आतली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून धडपड, आपल्याकडे बाहेरची धग आत येऊ नये म्हणून. थर तोच, दिशा उलटी. अमेरिकेने १९७६ साली कायदा करून गरिबांच्या घरांना सरकारी खर्चाने आच्छादन घालण्याचा आणि फटी बुजवण्याचा कार्यक्रम सुरू केला. दर वर्षी इंधनाचे पैसे देत बसण्यापेक्षा एकदा घरच दुरुस्त करून द्यावे, असा त्यामागचा साधा विचार. इंग्लंडात सप्टेंबर २०२१ मध्ये 'इन्स्युलेट ब्रिटन' नावाच्या गटाचे लोक लंडनभोवतीच्या एम-२५ महामार्गावर बसले आणि त्यांतील काही जण तुरुंगात गेले. मागणी एवढीच, की सरकारने घरांना आच्छादन घालून द्यावे. आपल्याकडे रस्त्यावर बसायला विषय पुष्कळ आहेत, पण छताच्या आच्छादनासाठी कुणी बसल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

याचे कारण आपण अडाणी आहोत हे नव्हे. कारण हिशेबात आहे, आणि तो हिशेब असा. समजा, वरच्या मजल्यावरील दोन खोल्यांच्या छतावर आच्छादन घालायला २०,००० रुपये लागले. समजा, त्यामुळे उन्हाळ्याच्या चार महिन्यांत महिना १०० युनिट वीज वाचली आणि युनिटचा दर ७ रुपये धरला. वर्षाची बचत २,८०० रुपये. म्हणजे गुंतवणुकीवर वर्षाला १४ टक्के. कोणत्या बँकेची मुदत ठेव १४ टक्के देते? शिवाय या उत्पन्नावर कर नाही. केवळ या आकड्यांवरून पाहिले, तर गावातली प्रत्येक गच्ची आतापर्यंत झाकलेली असायला हवी होती.

पण आता त्याच हिशेबात माणसे घाला. घर भाड्याचे असेल, तर २०,००० द्यायचे मालकाने आणि २,८०० वाचायचे भाडेकरूचे. मालक ते का देईल? मग भाडेकरूने करावे म्हणाल, तर पैसे वसूल व्हायला सात वर्षे, आणि करार अकरा महिन्यांचा! जे घर एकरकमी पैसे देऊन लीजवर, कन्नडमध्ये ज्याला 'भोग्य' म्हणतात तसे घेतलेले असते, तेथेही मुदत दोन-तीन वर्षांची. परक्याच्या छतावर स्वतःचे पैसे कोण घालील? मालक बहुधा तळमजल्यावर राहतो, कारण तो गार असतो. वरचा मजला तो भाड्याने देतो, आणि भाडेकरू त्याच्या गच्चीचे ऊन पितो. अर्थशास्त्राच्या पुस्तकात या पेचाला भारदस्त नाव आहे. आमच्या गल्लीत याला 'वरची खोली' म्हणतात. शिकायला आलेली खानापूर-चंदगडकडची मुले बहुतेक याच खोल्यांत राहतात, आणि विद्यापीठाच्या परीक्षा नेमक्या उन्हाळ्यात येतात.

फ्लॅटचे तसेच. बिल्डर बांधतो आणि विकून मोकळा होतो. त्याच्या जाहिरातीत फरशी असते, मॉड्युलर किचन असते, लिफ्ट असते. छतातून किती उष्णता येईल याचा आकडा नसतो, कारण गिऱ्हाईक तो विचारत नाही, आणि गिऱ्हाईक विचारत नाही कारण तो कधी छापलेलाच नसतो. फ्रिज घ्यायला गेलो तर दारावर तारे मोजतो. एसीवर तारे, पंख्यावर तारे. ज्या डब्यात ही सगळी यंत्रे ठेवायची त्या पन्नास लाखांच्या डब्यावर एकही तारा शोधायची सवय आपल्याला लागलेली नाही.

तिसरा पक्ष सरकार. कर्नाटकात २०२३ साली गृहज्योती योजना सुरू झाली. आदल्या वर्षीच्या सरासरी वापरावर दहा टक्के जास्त धरून, २०० युनिटांच्या मर्यादेत, घरगुती वीज मोफत. गरीब घरातील बाईचे महिन्याचे काही शे रुपये वाचले, आणि त्या पैशाला मी नावे ठेवणार नाही. पण हिशेब म्हणून पाहा. ज्याचे बिल शून्यच आहे त्याने छत झाकून शंभर युनिट वाचवले, तर त्याच्या हातात काय पडते? शून्य. वीज सरकारची वाचते, खर्च त्याचा होतो. योजना बंद करा असे माझे म्हणणे मुळीच नाही. मी म्हणतो, जो पैसा दर महिन्याला बिलात जिरतो त्यातला काही भाग एकदाच छतात घाला. मग तीच मोफत युनिटे कमी लागतील आणि सरकारचाच बोजा हलका होईल. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये सूर्यघर योजना आणली, तीत छतावरच्या सौर पॅनेलला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. चांगली गोष्ट. पॅनेलची सावली छतावर पडते हा वरचा नफा. पण वीज निर्माण करणाऱ्या पत्र्याला मदत आणि वीज वाचवणाऱ्या थराला त्या योजनेत काही नाही, हा न्याय मला समजत नाही. न लागलेले युनिट हे निर्माण केलेल्या युनिटाइतकेच खरे असते.

कायदा नाही असेही नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये 'इको निवास संहिता' प्रसिद्ध केली. ती राहत्या घरांसाठी आहे. छतातून किती उष्णता येऊ द्यावी याची मर्यादा तीत आकड्यांत घातली आहे. आपला उघडा सहा इंची स्लॅब त्या मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट उष्णता आत सोडतो, आणि तो मर्यादेत आणायला जेमतेम दोन सेंटीमीटरचा थर पुरतो. वाचून आनंद झाला. पुढचे कलम वाचले. ही संहिता ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवरील इमारतींसाठी. आपल्याकडचा नेहमीचा प्लॉट तीस बाय चाळीस फुटांचा, म्हणजे सुमारे १११ चौरस मीटर. २०२२ च्या ऊर्जा संवर्धन सुधारणा कायद्याने निवासी इमारतींनाही नियम लावण्याची वाट मोकळी केली, पण तेथे मोजमाप १०० किलोवॅट जोडभाराचे. आपल्या घराचा भार दोन-तीन किलोवॅट! म्हणजे ज्या घरांत बहुसंख्य माणसे राहतात ती नेमकी नियमाच्या जाळ्याच्या भोकातून खाली पडतात. तेलंगणाने एप्रिल २०२३ मध्ये थंड छपरांचे धोरण जाहीर करून मोठ्या इमारतींना सक्ती केली. हैदराबादेतील आपल्या मराठी मंडळींनी त्याचा अनुभव कळवला तर पुढच्या अंकात वाचायला आवडेल.

माझे मत स्पष्ट आहे. तीस-चाळीसच्या प्लॉटवर घर बांधायला परवानगी देताना नगरपालिका पावसाच्या पाण्याचे पाहते, शौचकूपाचे पाहते, गाडी लावायच्या जागेचे पाहते. तिने छताचे एक कलम वाढवावे, की वरच्या स्लॅबवर दोन इंची आच्छादन किंवा त्या तोडीचे काही असल्याशिवाय पूर्णत्वाचा दाखला नाही. नवे घर बांधताना हा खर्च एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ असतो. वॉटरप्रूफिंगचा गवंडी गच्चीवर असतोच, त्याच्याच हाताखालून काम होते. आणि भाड्याच्या घराला विजेचे मागच्या उन्हाळ्याचे बिल करारनाम्याला जोडावे. बिल पाहून भाडे ठरू लागले की मालकाला आच्छादनाचे महत्त्व कुणी सांगावे लागणार नाही.

यावर दोन आक्षेप येतील. एक, सक्ती केली की स्वस्तातला आणि धोक्याचा माल येईल. हा आक्षेप खरा आहे. लंडनमधील ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी आग लागली आणि ७२ माणसे गेली. बाहेरून बसवलेल्या ज्वालाग्राही आवरणाने ती आग इमारतभर नेली. थर्माकोलही जळतो. म्हणून तो उघडा, खोलीच्या आतून, शोभेच्या छतासारखा चिकटवू नये. स्लॅबच्या वर, कोब्याखाली गाडलेला असावा. तेथे त्याला आगही लागत नाही आणि उंदीरही. दुसरा आक्षेप अधिक बोचरा. एका प्राध्यापकांनी मला विचारले, "ज्याच्याकडे एसीच नाही त्याचे तू काय वाचवणार?"

वडगाव, खासबाग, शहापूर या भागांत विणकरांची घरे आहेत. पुष्कळ ठिकाणी घर आणि माग एकाच छपराखाली, आणि ते छप्पर पत्र्याचे. पत्रा स्लॅबसारखा रात्रीपर्यंत वाट पाहत नाही. ऊन पडले की पाच मिनिटांत खाली धग. तेथे एसी नाही, म्हणून विजेची बचत नाही, म्हणून १४ टक्क्यांचा माझा सुबक हिशेब तेथे लागू पडत नाही. तेथे जे जाते ते म्हणजे दुपारचे काम आणि रात्रीची झोप. मागावर बसलेल्या माणसाचे दुपारचे तीन तास उन्हाळाभर गेले, तर साड्या किती कमी विणल्या याचा आकडा निघू शकतो. झोपेचा निघत नाही. आमच्या ताळेबंदात तिला रकाना नाही म्हणून ती फुकट आहे असे होत नाही. आणि येथेच उपाय सर्वांत स्वस्त आहे. पत्र्यावर दर वर्षी फेब्रुवारीत पांढरा चुना, त्यात चिकटपणासाठी थोडा डिंक किंवा फेव्हिकॉल. ताजा पांढरा पृष्ठभाग उन्हाचा मोठा भाग आल्या पावली परत पाठवतो. आपला पाऊस तो धुऊन नेतो हे खरे, पण पावसाळ्यात त्याचे काम नसतेच, आणि पुढच्या वर्षी एक पोते पुन्हा येते. चुना हे आच्छादन नव्हे. ऊन परत पाठवणे वेगळे आणि आत शिरलेली उष्णता अडवणे वेगळे. पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्याचे किंवा पोत्याचे छत बांधून मध्ये वीतभर हवा ठेवली, तर आजोबांचा माळाच परत आला म्हणायचा.

हे सगळे कागदावर ठीक, आपल्या गावच्या उन्हात किती उतरते, असे विचारणाऱ्यांसाठी एक सूचना आहे. आपल्या महाविद्यालयाच्या वरच्या मजल्यावर शेजारी-शेजारी दोन सारख्या वर्गखोल्या आहेत. दोन्ही मार्चपासून भट्टीसारख्या तापतात हे तेथे बसणाऱ्यांना आणि तेथे शिकवणाऱ्यांना सांगायला नको. एका खोलीवरच्या गच्चीला चुना द्यावा, दुसरीवर देऊ नये. दोन्ही खोल्यांत एकेक थर्मामीटर टांगावा. सकाळी नऊ, दुपारी तीन आणि संध्याकाळी सहा या वेळी विज्ञान शाखेने आकडे लिहावेत आणि वाणिज्य शाखेने खर्च लिहावा, मार्च ते मे. पुढच्या अंकात ते दोन्ही विभागांत, मराठीत आणि कन्नडमध्ये, छापावेत. चुन्याचे पोते आणि दोन ब्रश यांचा खर्च मराठी आणि कन्नड वाङ्मय मंडळांनी निम्मा-निम्मा उचलावा. गच्चीची किल्ली शिपाईमामांकडे असते.